तलावात पाणी किती? गाळ वजा करून सांगा

[दृश्य : कात्रजचा तलाव, बांध, सकाळी फिरायला आलेली माणसं]

कात्रजचा तलाव. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथं बांध घातले गेले. दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, इथलं पाणी थेट पुण्यातल्या हौदांत जायचं. बांध दोन आहेत, तेही मुद्दाम. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्या तलावात उतरायचं. बांधणाऱ्यांनी गाळाचा हिशोब आधीच मांडला होता. आपण तो सोडून दिला.

[दृश्य : पेठेतला जुना हौद, मोजपट्टी]

हौदाचं गणित सोपं. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली यांचा गुणाकार. फुटांत मोजलं की घनफूट येतात आणि एका घनफुटात 28.3 लिटर पाणी मावतं. जुन्या कागदपत्रांत गॅलन भेटतात. ते ब्रिटिश गॅलन, साधारण साडेचार लिटरचे, घनफुटाला सव्वासहा. अमेरिकन गॅलन लहान, घनफुटाला जवळपास साडेसात. आकडा कोणत्या गॅलनमधला आहे, हे आधी बघायलाच हवं.

[दृश्य : होडी, गाठी मारलेली दोरी, थाळी]

तलावाला मात्र सरळ भिंती नसतात. वाटीसारख्या तळ्यात मधली खोली धरून गुणाकार केला, तर कागदावर दुप्पट पाणी दिसतं. म्हणून तलावाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खोली घ्यायची आणि सरासरीला पाण्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं.

आता ही दोरी बघा. फुटाफुटावर गाठ, टोकाला पसरट थाळी. थाळी सावकाश सोडायची. गाळावर टेकली की दोरी सैल पडते. ती गाठ वहीत लिहायची. मग त्याच जागी लोखंडी गज. तो गाळात शिरतो, खाली जात राहतो आणि मुरमाला अडला की हाताला कळतं.

[दृश्य : गजाला चिकटलेला काळा गाळ]

समजा, थाळी 9 फुटांवर टेकली आणि गज 13 फुटांवर अडला. मधले 4 फूट नुसता गाळ. एका एकरात 43,560 चौरस फूट. म्हणजे एकाच एकरात साधारण 49 लाख लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरचे 490 टँकर!

[दृश्य : सांडवा, आंबिल ओढा]

जागा गेली की तलाव लवकर भरतो आणि खाली आंबिल ओढा आहे. सप्टेंबर 2019 चा त्याचा पूर पुण्याने पाहिलाय.

[दृश्य : वहीतले आकडे]

ही मोजणी दरवर्षी मे महिन्यात व्हायला हवी, पाणी खाली गेलेलं असताना. दोरी, थाळी, गज, होडी आणि चार माणसं एवढ्यावर ती होते. आणि काठावरच्या फलकावर दोन्ही आकडे लागायला हवेत : पाणी किती आणि गाळ किती.