पॉलिनेशियन पुरुषाचं वजन: जनुक आणि ताट

मित्रहो, रग्बी पाहणाऱ्यांना जोना लोमू कोण हे सांगावं लागत नाही, आपल्याकडे सांगावं लागतं. आईवडील टोंगाचे, म्हणजे प्रशांत महासागरातल्या सामोआ, टोंगा अशा बेटांवरचे पॉलिनेशियन लोक, आणि वाढलेला न्यूझीलंडमध्ये, असा हा खेळाडू. १९९५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात त्यानं एकट्यानं चार ट्राय, म्हणजे रग्बीतले गोल म्हणा, केले. अडवायला आलेल्या माइक कॅटला तो अक्षरशः तुडवून पुढे गेला. उंची १.९६ मीटर, वजन ११९ किलोच्या आसपास. आता दवाखान्यातला तक्ता घ्या आणि त्याचा बीएमआय काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की उत्तर येतं ३१. तक्ता सांगतो, हा माणूस लठ्ठ.

बीएमआयचं सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या क्वेटले या संख्याशास्त्रज्ञानं मांडलं, ते समाजाच्या सरासरीसाठी. त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या श्रोत्यांना हे मी नव्यानं सांगायला नको. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! न्यूझीलंडमधल्या अभ्यासांत पॉलिनेशियन पुरुष याच्या दुसऱ्या टोकाला सापडले. तेवढ्याच बीएमआयला त्यांच्या अंगावर युरोपियन माणसापेक्षा चरबी कमी आणि स्नायू जास्त. भारतीय माणसाचा आजार हे माप लपवतं, पॉलिनेशियन माणसाला ते गरजेपेक्षा जास्त आजारी ठरवतं.

पण एवढ्यावर हात झटकता येणार नाहीत. सामोआ, टोंगा आणि न्यूझीलंडमधल्या पॅसिफिक वस्त्यांत मधुमेह, संधिवाताचा गाऊट हा प्रकार आणि हृदयविकार यांनी माणसं अकाली जातात. ती का जातात, याचं उत्तर बरीच वर्षं एका गोष्टीनं दिलं.

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानं 'काटकसरी' जनुकांची कल्पना मांडली. दुष्काळात चरबी साठवणारी शरीरं तगली, आणि आता सुबत्तेत तीच शरीरं मधुमेहाला बळी पडतात, असं तिचं सार. पुढे ती पॉलिनेशियन लोकांना चिकटवली गेली. होड्यांतून महिनोन्महिने उपाशी प्रवास, त्यात जाडजूड तेवढे वाचले, वगैरे. ऐकायला पटते, म्हणूनच मला ती धोक्याची वाटते. हे नाविक अळूचे कंद, केळी, डुकरं, कोंबड्या बरोबर घेऊन, वसाहत करायच्या तयारीनं निघत. उपासमारीत वाट चुकलेली माणसं एवढा मोठा महासागर वसवत नाहीत. आणि या गोष्टीचा शेवट नेहमी एकच होतो: दोष त्यांच्या रक्ताचा.

मग २०१६ मध्ये खरंच एक जनुक सापडलं. तीन हजारांहून जास्त सामोअन लोकांच्या तपासणीत 'सीआरईबीआरएफ' या जनुकात एका अक्षराचा बदल दिसला. पॅसिफिक बेटांच्या लोकांबाहेर तो जवळजवळ नाही, सामोआत मात्र या जनुकाच्या (प्रत्येकाकडे दोन असतात) दर चार प्रतींमागे एकीत आहे. प्रत्येक प्रतीमागे बीएमआय सुमारे १.४ ने, म्हणजे वजन साधारण चार किलोंनी वाढतं. वर्तमानपत्रांनी 'लठ्ठपणाचं जनुक' म्हणून मथळे दिले. खरी बातमी पुढच्या ओळीत होती. हा बदल असलेल्यांना मधुमेह व्हायची शक्यता कमी निघाली! वजन जास्त आणि मधुमेह कमी. नीलच्या कल्पनेच्या नेमकं उलट. पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी तिथले मूळ रहिवासी असलेल्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या पुरुषांना तपासलं, तर या बदलाबरोबर स्नायू जास्त आणि स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन रक्तात कमी आढळलं. म्हणजे ते वाढलेले किलो सगळे चरबीचे नाहीत.

मग बाकीचं वजन आलं कुठून? टोकेलाऊ ही तीन चिमुकली प्रवाळबेटं. १९६६ च्या चक्रीवादळानंतर तिथली बरीच कुटुंबं न्यूझीलंडला हलवली गेली, आणि तिथले डॉक्टर इयन प्रायर यांच्या चमूनं गेलेल्या आणि राहिलेल्या दोघांनाही वर्षानुवर्षं मोजलं. रक्त एक, आजोबा एक. गेलेल्यांचं वजन राहिलेल्यांपेक्षा जास्त वाढलं. विशेष म्हणजे बेटावर राहिलेल्यांच्या आहारात निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून येत होती, आणि तरी हृदयविकार विरळा होता. मासे, नारळ, अळकुड्या, आपल्या कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात तो, असं ते ताट.

ते ताट बदललं, आणि सगळं कुणाच्या जिभेच्या हौसेनं बदललं नाही. १९९३ मध्ये सामोआत अळूवर करप्याची साथ आली आणि मुख्य पीकच झोपलं. दुकानात तोवर आयात तांदूळ, मैदा, डब्यातलं खारवलेलं गोमांस होतंच. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून मेंढीच्या पोटाकडचं, नुसत्या चरबीचं मटण येई. अमेरिकेतून टर्कीच्या शेपटाचा भाग येई, जो तिथले बहुतेक लोक स्वतः खात नाहीत. सामोआनं २००७ साली या टर्कीच्या शेपटांवर बंदी घातली. पण जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं तर ती उठवावी लागेल, अशी अट आली. २०१२ मध्ये सामोआ सदस्य झाला आणि बंदी गेली. एक छोटा देश आपल्या माणसांच्या पोटासाठी कायदा करतो आणि व्यापाराच्या टेबलावर तो खोडला जातो, याचा मला आजही संताप येतो. लठ्ठपणावरच्या कुठल्याही व्याख्यानात जनुकाच्या आधी हे सांगायला हवं.

टोंगाचे राजे तौफाआहाऊ टुपौ चौथे यांचं वजन १९७६ मध्ये विमानतळाच्या काट्यावर केलं गेलं, कारण देशात दुसरा पुरेसा मोठा काटा नव्हता. भरलं २०९.५ किलो. पुढे त्यांनी स्वतः व्यायाम आणि आहार धरला, प्रजेसाठी मोहीम काढली, आणि १९९३ पर्यंत ते १२७ किलोवर आले. जनुकं तीच होती. ते ८८ वर्षं जगले.

आता काम कुठे अडलं आहे, ते सांगतो. हा बदल मधुमेहापासून कसा वाचवतो? ऑकलंडमधल्याच पुरुषांच्या अभ्यासात असं दिसलं की हा बदल असलेल्यांचं स्वादुपिंड साखर मिळताच सुरुवातीच्या मिनिटांत जास्त इन्सुलिन सोडतं. ते का, याचा उलगडा झाला तर औषधाची वाट सापडेल, कदाचित आपल्यासाठीही. तोवर समोर बसलेल्या सामोअन पुरुषाला निव्वळ काट्याकडे पाहून मधुमेही धरू नये, आणि जाडजूड आहे म्हणून हे चालायचंच असं म्हणून सोडूही नये. त्याचं रक्त तपासावं, आणि घरी काय शिजतं, ते कुठल्या दुकानातून आणि काय भावानं येतं, हे विचारावं.