एकाच बायबलमधली दोन पानं

हे पान बघा, पेन्सिलची रेघ दिसतेय ना, लेवीय 18, वचन 22. रेघ आजोबांनी मारलेली, कधी ते त्यांनाही आठवत नाही. बडोद्यात फतेहगंजला घर, घराणं मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातलं, वय 81. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणं पाप, हे त्यांना लहानपणी पाद्रीसाहेबांनी शिकवलं आणि पुढे शब्बाथशाळेत त्यांनी कितीतरी वर्षं मुलांना तेच शिकवलं, मनापासून शिकवलं.

आणि हे नातीचं बोट. तिचं पान वेगळं आहे, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8. कूश देशाचा एक षंढ अधिकारी यरुशलेमहून रथात बसून परत चाललाय, मांडीवर यशयाचं पुस्तक उघडं. आता बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, अध्याय 23 मध्ये, स्पष्ट लिहिलंय की अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत जागा नाही. तरी वाटेत पाणी दिसल्यावर तो सोबतच्या ख्रिस्ती प्रचारक फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? आणि फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. नात म्हणते, आजोबा, तो माणूस गे होता असं मी म्हणतच नाहीये, मी एवढंच म्हणतेय की दार बंद होतं आणि ते उघडलं, तेही याच पुस्तकात.

हा वाद फक्त या जेवणाच्या टेबलावरचा नाहीये. अमेरिकेत 1972 साली युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या महासभेत समलैंगिक माणसंही पवित्र मोलाची आहेत असं वाक्य आलं होतं, पण ऐनवेळी सभागृहातूनच दुरुस्ती आली आणि समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे हे शब्द त्याला जोडले गेले. ती एक ओळ काढायला 52 वर्षं लागली, मे 2024 मध्ये शार्लट शहरातल्या महासभेत ती निघाली. तोपर्यंत 2019 ते 2023 या काळात साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चं, या वादामुळे त्या चर्चमधून बाहेर पडल्या होत्या. भारतातलं मेथडिस्ट चर्च 1981 पासून स्वायत्त आहे, त्यामुळे शार्लटचा निर्णय फतेहगंजला आपोआप लागू होत नाही, हे आजोबा लगेच सांगतात आणि ते बरोबरच आहे.

पण मग आपलं काय? समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 हे 1860 चं होतं, इंग्रजांनी केलेलं. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं, तेव्हा कोर्टात विरोध करणाऱ्यांमध्ये चर्चची एक संघटनाही उभी होती. नात तेव्हा शाळेत होती. मला स्वतःला वाटतं की आपल्या मंडळीने हे बोलायला खूप उशीर केलाय, आणि तरुण पोरं व्हॉट्सॲपवर बोलतात पण उपासनेत मान खाली घालून बसतात.

ही बाजापेटी. नातीचा मित्र वाजवायचा, त्याने घरी आणि मंडळीत खरं सांगितलं, तो आता येत नाही.

आजोबांचं मत बदललेलं नाही, कॅमेऱ्यासमोर त्यांनी तसं दोनदा सांगितलं. नंतर सेवउसळ गार होतेय म्हणून आतून हाक आली, ते उठले, बायबल मिटलं नाही. चष्मा काढून ठेवला तो नातीच्या पानावर.