सेल्फ घेत नाही

(शटर वर जातं. आत कापड पांघरलेली गाडी.)

मे महिन्यात नागपूरच्या गॅरेजांचा दिवस सकाळी सातलाच सुरू होतो. दहानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही आणि बाराला बॉनेटला हात लावता येत नाही. गणेशपेठेत, एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, अशाच एका पत्र्याखाली आम्ही दोन दिवस कॅमेरा लावून बसलो होतो. एका गाडीच्या ‘टक्’ या आवाजासाठी.

(कापड निघतं.)

ही 1969 सालची एमजीबी. 1798 सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर, दोनच माणसांची बैठक, डोक्यावर उघडं आभाळ. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत पाच लाखांवर एमजीबी बनल्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या एका गॅरेजाचं नाव या गाडीनं जन्मभर कपाळावर लावलं.

लाल रंग नवा आहे. गेल्या वर्षी पूर्ण गाडी खोलली, पत्रा घासला, प्रायमर मारला, वर तीन हात रंग. हा रंग लक्षात ठेवा.

(मालक चावी फिरवतात. टक्.)

“सकाळी एका चावीत घेते जी. बाहेर नेली, गरम झाली, बंद केली, का मंग संपलं. टक् म्हणते अन् बसते.”

या ‘टक्’साठी वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या आल्या, सेल्फला वीज जोडणारा स्विच म्हणजे सोलेनॉइड बदललं, इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार म्हणजे सेल्फ, तोही खोलून रिवाइंड झाला. दुसरीकडे, दुसऱ्या हातांनी. गाडी होती तिथेच राहिली.

इथले वस्ताद पाना घेत नाहीत. ते आधी बॉनेट उघडून वाकतात आणि चोकच्या वायरवर बोट फिरवतात.

(क्लोजअप: चोकच्या केबलचं काळं आवरण, एका जागी वितळून चकाकलेलं.)

“हे कवापासून हाये?”

मालकांना वाटत होतं, उन्हानं झालं असेल. पण नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी ते चोकची केबल नेमकी एकाच जागी वितळवत नाही. वस्ताद काही बोलत नाहीत. दोन बोटं केबलवर ठेवून मालकांना खूण करतात. चावी फिरते. टक्. बोटं झटकन वर येतात.

चोकच्या केबलमधून वीज जात होती. ती केबल फक्त चोक ओढायला असते; तिथे विजेचं काही काम नाही. मग ती तिथे का गेली, हाच पुढच्या दीड तासाचा शोध.

(हेडलाइट समोरच्या भिंतीवर.)

“लाइट लावा अन् सेल्फ मारा.”

भिंतीवरचे उजेडाचे दोन गोल बघा. सेल्फ टक् म्हणतो आणि उजेड जेमतेम हलतो. बॅटरी बसलेली असती तर दिवे पिवळे पडले असते, विझलेही असते. दिव्यांना वीज पुरते आहे, सेल्फला पुरत नाही. दोन हेडलाइट मिळून आठ-दहा अँपिअर घेतात. सेल्फला शे-दीडशे लागतात, कधी त्याहून जास्त. पायवाटेनं माणूस जातो, ट्रक जात नाही.

1912 च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला, त्याआधी गाडीला समोरून हँडल मारावं लागायचं आणि उलटं फिरलेलं हँडल मनगट मोडायचं. माणसाच्या खांद्याचं ते काम एका छोट्या मोटारीनं अंगावर घेतलं. म्हणून ती एवढी वीज खाते.

(सीटच्या मागचा गालिचा उचलला जातो. झाकण. दोन बॅटऱ्या.)

या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नाही. सीटच्या मागे, जमिनीखाली, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या. तिथून प्लसची जाड केबल पूर्ण गाडीच्या पोटाखालून पुढे सेल्फपर्यंत जाते. मायनस तिथेच बॉडीला. 1967 पर्यंतच्या एमजीबीत हेच उलटं होतं, प्लस बॉडीला; म्हणून जुन्या गाडीत बॉडीला काय जोडलंय ते आधी बघायचं, मगच मीटर काढायचं.

“बॅटरी नवीन हाये, मान्य. पण सेल्फपर्यंत जायची वाट हाये, अन् तिथून परत यायचीबी वाट हाये. या वाटेत व्होल्ट कोण खाऊन राहिला, ते पाहू.”

(इग्निशन कॉइलची तार निघते. गाडी न्यूट्रलमध्ये. वस्तादांच्या हाताखालचा पोरगा गाडीत, वस्ताद खाली खड्ड्यात.)

कॉइलची तार काढली, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन पेटणार नाही आणि हात सुरक्षित राहतील. आता जे दिसेल ते आम्ही मुद्दाम लांबवलं आहे. गाडीशी संबंध नसलेल्यांनीही ते बघावं.

चावी न फिरवता बॅटऱ्यांचा आकडा: 12.6 व्होल्ट. भरलेल्या आहेत.

चावी फिरवून: 11.6. हा आकडा दहाच्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घेतला असता.

आता मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा सेल्फच्या मोठ्या स्टडवर. दोन्ही टोकं एकाच वाटेची. वाट साफ असेल तर मीटरनं जवळपास शून्य म्हणायला हवं. चावी. 0.3. जायची वाट ठीक.

मग प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा सेल्फच्या अंगावर.

चावी.

(मीटर: 4.1. निवेदन नाही.)

बॅटरीतून 11.6 व्होल्ट निघाले. जाताना 0.3 गेले, परत येताना 4.1. सेल्फच्या वाट्याला उरले 7.2. तेवढ्या व्होल्टांत तो अर्धा फेरा घेतो आणि थांबतो.

वस्ताद ही परतीची वाट दोन तुकड्यांत मोजतात. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत 0.1. बॉडीपासून इंजिनपर्यंत 4.0. चोर सापडला, त्याचं घरही सापडलं.

पण हेच मीटर ओमवर, म्हणजे रोध मोजायला, लावून, गाडी बंद ठेवून तपासलं असतं तर? आम्ही ते करून बघितलं. मीटर 0.2 दाखवतं आणि दोन्ही प्रोब नुसते एकमेकांना टेकवले तरी 0.2 च. म्हणजे दोष नाही असंच वाटतं. तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर सेल्फचा प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास होता. शंभर अँपिअरला चार व्होल्ट खायला 0.04 ओम पुरतो. तेवढा रोध साध्या मीटरला दिसत नाही. प्रवाह वाहत असतानाच तो पकडता येतो. ओमचा नियम 1827 चा आहे, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला. गॅरेजात तो एवढ्या जवळून दिसतो.

(जंपर केबल. एक चिमटा इंजिनच्या ब्रॅकेटवर, दुसरा बॉडीच्या बोल्टवर. कॉइलची तार परत लागते.)

चावी.

(इंजिन सुरू. निवेदन नाही.)

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, हादरे बसू नयेत म्हणून. रबर वीज जाऊ देत नाही. त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी असते, वीतभर लांब. सेल्फनं खाल्लेली सगळी वीज याच पट्टीवरून परत येते. पट्टीनं अडवलं की वीज इंजिनला आणि बॉडीला जोडणारी दुसरी कुठलीही धातूची वस्तू शोधते. या गाडीत तिला चोकची केबल सापडली.

(खड्ड्यातून वर बघताना. टॉर्च. पट्टीचा बोल्ट ढिला होतो.)

हे बघा. थिंबलच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली लाल रंग. त्याखाली राखाडी प्रायमर. पट्टी बॉडीच्या पत्र्याला कधी टेकलीच नव्हती. वीज येत होती ती फक्त बोल्टच्या आट्यांमधून. पट्टीच्या तारा आतून हिरव्या, बोटानं चुरा होणाऱ्या.

ज्यानं गाडी रंगवली त्यानं मन लावून रंगवली. बोल्टची ही जागा कोरी ठेवायला त्याला कोणी सांगितलं नसणार.

पोरगा पॉलिश पेपरनं एका नाण्याएवढी जागा घासतो. लाल जातो, राखाडी जातो, पत्रा उघडा पडतो. तोवर वस्ताद नवी पट्टी करतात: विणलेली तार, थिंबल दाबून वर सोल्डरचा डाग. दातेरी वॉशर, बोल्ट कसला, आणि कसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली, पावसाळ्यासाठी. हे सगळं वीस मिनिटांत.

परत मोजलं. बॉडी ते इंजिन, 0.1.

बॅटऱ्या, सोलेनॉइड आणि रिवाइंडिंगचे पैसे गेले ते गेले. हिवाळ्यात दोन रॅल्या हुकल्या त्याही गेल्या.

(दुपार. अमरावती रोड. गाडी मागून, मग समोरून.)

तक्रार मात्र सकाळची नव्हती, दुपारची होती. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. तापमानात शंभर अंशांचा फरक पडला तर जवळपास 40 टक्क्यांनी. सकाळी सेल्फची वेटोळी थंड असायची आणि 7.2 व्होल्टांत कसंबसं भागायचं. दुपारी तेही भागायचं नाही. म्हणून वस्तादांनी गाडी लगेच सोपवली नाही. वाडीपर्यंत नेली, परत आणली, गॅरेजसमोर भर उन्हात बंद केली. पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची धग आणखी चढते.

मालक टपरीच्या सावलीत उभे. पोरगा घड्याळाकडे बघतो. वस्ताद चोकच्या केबलवर दोन बोटं ठेवतात आणि मान हलवतात.

(चावी. निवेदन नाही.)