सहा मैलांचं अंतर

[पडद्यावर: मोबाइलवर टिपलेली क्लिप. आधी मूळ वेगात, मग संथ.]

८ जून २०२४. मुंबई विमानतळ, धावपट्टी २७. पुढे धावतंय ते तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान. त्याची चाकं अजून जमिनीवर आहेत. आणि मागून, त्याच धावपट्टीवर, इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकतं. पुढचं उचलतं आणि समुद्राच्या दिशेने निघून जातं.

पुढच्याला उड्डाणाची परवानगी होती, मागच्याला उतरण्याची. दोन्ही कंपन्यांनी तसं जाहीर केलं. दोन्ही परवानग्या टॉवरच्याच, म्हणजे तिथे बसणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांच्या.

क्लिप कितीही वेळा थांबवून पाहिली, तरी अशी वेळ का येते ते तिच्यात दिसणार नाही. त्यासाठी निदान तीन मिनिटं मागे जावं लागतं, उतरणारं विमान सहा-सात मैलांवर असतं तिथे.

[पडद्यावर: घाटकोपरच्या बाजूने उतरणारी विमानं, दुरून. एकामागे एक चार दिवे.]

कुणी दिल्लीहून आलंय, कुणी दुबईहून, कुणी गोव्याहून. ही ओळ आपोआप लागत नाही. अप्रोच कंट्रोलर, म्हणजे विमानतळाकडे येणाऱ्या विमानांचा नियंत्रक, ती लावतो आणि त्याच्या हाती तीनच गोष्टी असतात: दिशा, उंची, वेग. एकाला वीस अंश वळवायचं, दुसऱ्याला लवकर खाली घ्यायचं, तिसऱ्याचा वेग २१० नॉटवरून १८० वर आणायचा (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). विमानतळाजवळ रडारवर दोन विमानांत सर्वसाधारणपणे किमान तीन मैल ठेवतात (हे नॉटिकल मैल, एक म्हणजे १.८५ किलोमीटर). पुढे बोइंग ७७७ आणि मागे एअरबस ए-३२० असेल, तर पाच. पुढे ए-३८० असेल, तर सात. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून सुटलेले भोवरे मागच्याला एका कुशीवर कलंडवू शकतात, म्हणून.

[पडद्यावर: विमानतळाचं उपग्रह छायाचित्र. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या.]

मुंबईची खरी अडचण इथे आहे. धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते. तिच्यावरच उतरायचं आणि तिच्यावरूनच उडायचं. म्हणजे उतरणाऱ्या दोघांच्या मध्ये एक उडणारं बसवायचं, आणि दिवसभर हेच करत राहायचं.

विमानं मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ वर आणायला लावली. हिशेब करून पाहू. तासाला ४४ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८२ सेकंद. एक उतरणार आणि एक उडणार, दोघांचे मिळून १६४. शेवटच्या टप्प्यात विमान साधारण १४० नॉटने येतं, सेकंदाला ७२ मीटर. १६४ सेकंदांत ते साधारण ६.४ मैल कापतं. उतरणाऱ्या दोघांत तेवढंच अंतर ठेवावं लागतं. जास्त ठेवलं, तर वर रांग वाढते. कमी ठेवलं, तर खाली जागा उरत नाही.

[पडद्यावर: टॉवर, ८३.८ मीटर. मग धावपट्टीच्या तोंडाशी थांबलेलं विमान.]

पहिलं विमान टेकून धावपट्टीबाहेर पडायला ५० सेकंदांच्या आसपास घेतं. उडणारं तोवर धावपट्टीवर येऊन उभं राहतं. पहिलं बाहेर पडलं की याला टेक-ऑफची परवानगी, इंजिनांचा जोर, मग ३५-४० सेकंदांची धाव. टॉवरमधला नेहमीचा ठोकताळा असा: मागचं दोन मैलांवर पोहोचेपर्यंत पुढच्याने धावायला सुरुवात केलेली हवी. दोन मैल म्हणजे ५१ सेकंद.

[पडद्यावर: आकृती. दोन ठिपके जवळ येताना.]

आता हे बिघडतं कसं ते पाहा. ‘धावपट्टीपासून चार मैलांपर्यंत १६० नॉट’ अशी सूचना असताना उतरणाऱ्या दोघांतल्या पुढच्याने सहा मैलांवरच वेग १४० वर आणला. मागचा १६० नेच येतोय. सहा सेकंद गेले. उतरलेल्याने जवळचा टॅक्सीवे (धावपट्टीबाहेर पडायचा रस्ता) सोडला आणि त्यापुढच्या टॅक्सीवेने बाहेर पडला. आणखी दहा. उडणाऱ्याने परवानगी मिळाल्यावर इंजिनांना जोर द्यायला वेळ घेतला. आणखी दहा. एकट्याने यातलं काहीच धोक्याचं नाही. तिन्ही एकाच जोडीच्या वाट्याला आलं, की दीड किलोमीटरहून जास्त, जवळजवळ एक मैल गेला.

मग मागच्याला ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असं का सांगत नाहीत? सांगतात, आणि सांगायलाच हवं, पण वेळेत. पुढचं वेगाने धावू लागल्यावर मागच्याला वर पाठवलं, तर एकाच दिशेला दोन विमानं चढतात. वरच्याला आपल्या नाकाखालचं दिसत नाही, खालच्याला डोक्यावरचं. म्हणून हा निर्णय टेक-ऑफची परवानगी देण्याआधीच व्हावा लागतो. अंदाज चुकतो तो तिथे.

[पडद्यावर: पुन्हा क्लिप. स्थिर चित्र.]

आंतरराष्ट्रीय नियमानुसार पुढचं विमान धावपट्टीचं टोक पार करेपर्यंत किंवा वळेपर्यंत मागच्याने धावपट्टीच्या सुरुवातीची रेषा ओलांडायची नसते. दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत सवलत देता येते, पण तीसुद्धा पुढचं जेट हवेत गेलेलं असेल आणि त्या रेषेपासून किमान २४०० मीटर पुढे असेल, तरच.

कुणाला इजा झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित कंट्रोलरला कामावरून बाजूला ठेवलं.

[पडद्यावर: रडारचा पडदा, जवळून. शेजारी हेडफोन.]

एका माणसाला खुर्चीवरून उठवून या हिशेबातला एक सेकंदही वाढत नाही. अशा प्रत्येक चौकशीच्या टेबलावर सहा मैलांपासूनचं सगळं यायला हवं: रडारची नोंद, कुणाला कोणता वेग दिला आणि तो कुठे सोडला, अप्रोचने टॉवरकडे सोपवताना दोघांत किती मैल होते, उडणारं धावपट्टीवर कधी आलं आणि चाकं कधी फिरली. त्याला जोडून त्या तासाचं वेळापत्रक: ४४ च्या मर्यादेत विमानं खरोखर किती आली, आणि ती मर्यादा ठरवताना उशिरा बाहेर पडणाऱ्या विमानासाठी किती सेकंद राखून ठेवले होते.