वेदना आवरण्याचं शिक्षण

श्रोतेहो, नमस्कार.

‘आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, सेवा करा.’ कॅन्सरचा पेशंट ज्यांनी घरात सांभाळला आहे, त्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. सांगणारा डॉक्टर काही दुष्ट नसतो. ऑपरेशन, रेडिएशन, केमो हे त्याच्याजवळचे उपाय संपलेले असतात. पण घरी आल्यावर कळा थांबत नाहीत, रात्री धाप लागते, गालावरच्या जखमेला वास येतो आणि नातवंडं जवळ यायला कचरतात. या प्रत्येक त्रासावर करण्यासारखं बरंच काही आहे. मात्र ते शिकावं लागतं, आणि आपल्याकडे ते शिकलेले डॉक्टर, नर्स फार थोडे आहेत.

या विद्येला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. तिन्ही बाजूंनी पेशंट पाहिलेली ही बाई. शरीराचं दुखणं, मनाची भीती, घरची काळजी हे वेगवेगळं मोजता येत नाही, असं त्यांचं सांगणं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ साली वांद्र्याला सुरू झालं. या विषयातलं एम. डी. चं शिक्षणही २०१२ मध्ये परळच्या टाटा हॉस्पिटलात सुरू झालं. दोन्ही मुंबईतच! तरी कसारा घाट ओलांडला की या विषयाचा जाणकार शोधत फिरावं लागतं, हे मला खटकतं.

आता मॉर्फिनकडे वळू या, कारण प्रशिक्षणाचा पहिला मोठा अडसर तिथेच असतो. ‘अफूचं औषध, सवय लागेल, माणूस लवकर जाईल’ ही भीती नातेवाइकांइतकीच डॉक्टरांच्याही मनात असते. कॅन्सरच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, जाणकाराच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही आणि व्यसन लागण्याचा संभव फार कमी असतो. पण योग्य मात्रा म्हणजे काय? साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. ‘दुखलं तर घ्या’ असं सांगितलं की पेशंट दिवसभर दुखण्याच्या मागे धावत राहतो. मध्येच कळ उसळली तर जादा डोस, साधारणपणे दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मळमळ काही दिवसांत ओसरते, पण मॉर्फिनचं बद्धकोष्ठ आपणहून जात नाही. एवढं नीट शिकलेला डॉक्टर बऱ्याच पेशंटना रात्रीची झोप मिळवून देऊ शकतो.

गंमत पाहा. कायदेशीर अफू पिकते आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जाळं विणलं की बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. परिणामी डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ही गोळी हातात न धरता पास झाल्या. २०१४ च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी केली. पण परवाना मिळाला तरी कपाटातली गोळी लिहून देण्याचा धीर परवान्यातून येत नाही.

पायाभूत प्रशिक्षणाच्या पुढचा टप्पा सुरू होतो तो गुंतागुंतीच्या लक्षणांपाशी. साधी उलटी घ्या. कॅन्सरच्या पेशंटला उलट्या होतात त्या आतडं अडल्यामुळे, मेंदूतल्या गाठीभोवती सूज आल्यामुळे, रक्तातलं कॅल्शियम वाढल्यामुळे किंवा नुसत्या बद्धकोष्ठामुळेही. कारण बदललं की औषध बदलतं. आतडं पूर्ण अडलेलं असताना आतड्याची हालचाल वाढवणारं नेहमीचं उलटीचं औषध दिलं, तर पोटातल्या कळा वाढतात. तिथे आतड्यातला स्राव कमी करणारी औषधं लागतात, आणि शीर सापडत नसेल तर त्यातली काही कातडीखाली बारीक सुई ठेवून घरीसुद्धा देता येतात. किडनी थकलेल्या पेशंटच्या शरीरात मॉर्फिनचे अंश साठतात, तो गुंगतो, हातपाय झटके देतात. अशा वेळी फेंटानिलसारख्या दुसऱ्या औषधाकडे कसं वळायचं याचा हिशेब शिकल्याशिवाय जमत नाही. मेथाडोन तर अनुभवी हातांसाठीच. शरीरात ते किती काळ रेंगाळेल हे माणसागणिक वेगळं.

एक गोष्ट मात्र श्रोत्यांनीही लक्षात ठेवावी. कॅन्सरच्या पेशंटची पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लटके पडू लागले, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपचाराला उशीर झाला तर गेलेली चाल सहसा परत येत नाही.

सगळंच एवढं अवघड नसतं. जखमेच्या वासावर मेट्रोनिडाझोलची साधी गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकतात. स्वस्त औषध आहे. तंबाखू-मिश्रीने तोंडाचे कॅन्सर वाढवलेल्या आपल्या राज्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला हे यायला हवं. धाप लागलेल्याच्या चेहऱ्यासमोर धरलेला छोटा पंखादेखील आराम देतो.

औषधांहून अवघड असतो तो बोलण्याचा सराव. ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका हं,’ असं म्हणणारा मुलगा आणि ‘मुलांना कळू देऊ नका,’ म्हणणारे बाबा, दोघेही एकाच डॉक्टरला गाठतात. प्रशिक्षणात अशी नाटुकली बसवतात. एक जण मुलगा, एक जण बाबा, एक जण डॉक्टर. मोठमोठे सर्जन तिथे अडखळतात.

हे शिकायचं कुठे? केरळात तिरुवनंतपुरम आणि कोळिकोडच्या संस्था बरीच वर्षं डॉक्टर-नर्सना घडवत आहेत. काही आठवड्यांचे निवासी वर्ग आहेत आणि तालुक्यात बसून ऑनलाइन शिकायचीही सोय आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. तिथे पेशंटबरोबर घरच्यांनाही राहता येतं, त्यांनाही काळजी घ्यायला शिकवतात.

पण माझी खरी चिंता नर्सची आहे. घरी जाऊन पेशंट पाहते ती, वेदना दहापैकी किती हे विचारते ती, पण मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार आपल्याकडे डॉक्टरचा. युगांडाने २००४ मध्ये नियम बदलून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना तो अधिकार दिला. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर तालुक्याच्या ज्या रुग्णालयातून सिस्टर शिकायला पाठवाल, तिथला एक डॉक्टरही तिच्याबरोबर पाठवा. नाहीतर ती परत येऊन दुखणं बिनचूक ओळखेल, आणि चिठ्ठी लिहायला कोणी नसेल.

नमस्कार.