बाराच्या पुढची मोजणी

(दृश्य: तारेत ओवलेले मणी, शेजारी वाळूचे घड्याळ. बाईचा हात एक मणी सरकवतो.)

निवेदन:

बाळाचे पोट दहा वेळा वरखाली झाले की एक मणी सरकवायचा. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर वरची ओळ, मोठे असेल तर खालची. एका मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे.

या साध्या उपकरणाचे नाव ब्रेथ काउंटर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ते घडवले. तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, मोठ्या बाळाचे ५० किंवा जास्त, ही न्यूमोनियाची खूण वैद्यकशास्त्राला ठाऊक होती. अडचण एवढीच, की गावच्या दाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. एरवी अशा वेळी दाई अडाणी ठरते आणि बाजूला पडते. इथे दाई होती तिथेच राहिली, उपकरण तिच्यापर्यंत आले.

(दृश्य: गडचिरोलीचा रस्ता, तेंदूपत्त्याचे पुडे)

बंग दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत आले. काम सुरू झाले तेंदूपत्त्याच्या एका गोदामात. सुरुवातीच्या संशोधनात त्यांना इथल्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार सापडला. शोध मोठाच होता, पण लोकांना त्यात रस नव्हता. हा आजार शोधून द्या, असे त्यांनी कुठे म्हटले होते? संशोधकाला झोंबावे असेच हे. बंगांनी मात्र ते मनावर घेतले.

बायकांचे दुखणे वेगळेच होते, आणि ते बोलायची सोय नव्हती. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, यापलीकडे आरोग्यखात्याची नजर जात नव्हती.

(दृश्य: शोधग्राम, 'सर्च'चा परिसर. झाडांमधली बैठी घरे, ओट्यावर बसलेले नातेवाईक)

दवाखाना बांधायच्या वेळीही आधी आदिवासींना विचारले, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही? उत्तर आले: तिथले डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यात असतात. आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात. शिवाय रोग्याला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. म्हणून शोधग्रामचा दवाखाना त्यांच्या गावासारखा झाला, घरचे सोबत राहू शकतील असा. नाव दिले त्यांच्याच देवीचे, माँ दंतेश्वरी. याला कुणी अंधश्रद्धेचे लाड म्हणेल. आजारी माणूस दारापर्यंत यावा, एवढे साधले तरी पुढचे सगळे शास्त्रच आहे.

आणि शास्त्रात इथे कुठे ढिलाई नाही. नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला दुसरी गावे ठेवून. प्रत्येक गावातली थोडीफार शिकलेली एक बाई निवडली. तिला म्हटले आरोग्यदूत. ती बाळाचे वजन करी, त्याला उबदार ठेवी, श्वास अडकला तर नळी-मास्कने हवा देई. जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही देई. डॉक्टर मंडळींना नेमके हेच पटत नव्हते. खेड्यातल्या बाईच्या हातात सुई? तिसऱ्या वर्षाअखेर, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आले.

(दृश्य: खांद्याला पिशवी अडकवून घराघरात जाणारी आशा)

२०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत देशभरात नेली आणि काम आशा कार्यकर्तीवर सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा घरभेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. योजना ठरली तेव्हा या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठेवला होता २५० रुपये. पगार नव्हे, प्रोत्साहनपर मानधन.