सिस्टर, साहेबांना सांगू नका

नमस्कार, श्रोतेहो.

साताऱ्याकडचे एक काका होते. आतड्याच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी किमो घ्यायला आमच्याकडे यायचे. पाचव्या खेपेला सलाइन लावायच्या आधी मी म्हटलं, काका, जरा बाही वर घ्या. तर काकूच पुढे झाल्या आणि त्यांच्या मनगटावरचं बटण सोडायला लागल्या. मला ते खटकलं. विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "बोटं बधिर झाल्यात सिस्टर. दोन महिनं झालं, बटण हिलाच लावावं लागतंय. माठातल्या गार पाण्याला हात लागला तरी मुंग्या येत्यात." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "साहेबांना सांगू नका. औषध बंद करतील."

मी सांगितलं. तिथल्या तिथे सांगितलं. त्या औषधाने हातापायांच्या नसांना त्रास होतो, हे डॉक्टरांना ठाऊकच होतं. या काकांना तो किती होतोय, एवढंच माहीत नव्हतं. त्यांनी नसांना त्रास देणारं ते एक औषध थांबवलं आणि गोळ्या चालू ठेवल्या. उपचार काही बंद झाला नाही. वेळेत कळलं नाही, तर हा बधिरपणा वर्षानुवर्षं मागे राहू शकतो.

मी 22 वर्षं कॅन्सरच्या रुग्णांत नर्स म्हणून काढली. "साहेबांना सांगू नका" हे वाक्य मी जेवढं ऐकलं, तेवढं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. कोणाची एक गोळी पैशाअभावी चुकलेली असते, कोणाला रात्र रात्र झोप नसते, कोणी गावच्या वैदूचा काढा घेत असतं. हे सगळं नर्सला, मावशींना, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला माहीत असतं. ज्याने औषधाचा डोस ठरवायचा, तो एकटाच कोरा.

काढ्यावरून आठवलं. एका ताईंच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे अचानक चढले. डॉक्टर किमोच्या औषधावर संशय घेत होते आणि ताई मान खाली घालून गप्प. शेवटी त्यांच्या सुनेच्या तोंडून गुळवेलीचा काढा बाहेर आला, रोज सकाळी एक वाटी. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं आहे. झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी, असं धरून चालता येत नाही. पण डॉक्टर त्या ताईंवर जे कडाडले, "कोणी सांगितला होता हा उद्योग?", ते बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवशी बाकीच्यांपैकी कोणी आपला काढा कबूल केला असेल, असं मला वाटत नाही. डॉक्टर मंडळी ऐकत असतील तर त्यांनाही सांगते, तुमच्या एका ओरडण्याने दहा तोंडं बंद होतात. "आणखी काय काय घेताय? मी रागावणार नाही," एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं.

आता नातेवाइकांचं. आपल्याकडे मुलगा आधी एकटा आत जातो आणि हात जोडून म्हणतो, आईला कळू देऊ नका. त्यात माया असते, मी नाकारत नाही. पण ती आई कॅन्सर अशी पाटी लावलेल्या इमारतीत तीन तास रांगेत बसलेली असते हो! एका आजींनी मला विचारलं होतं, "मला झालंय काय ते मला कळलंय. पोरांना कसं सांगू?" दोन्हीकडून लपवाछपवी, आणि मधे डॉक्टर अवघडलेले. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. त्याच्या वतीने आईने दिलेली संमतीही पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं. तेव्हा आत जाताना आईला बरोबर घ्या, आणि खुर्ची तिला द्या. किती ऐकायचं, ते तिचं ती सांगेल. काहीजणी म्हणतात, मला आकडे नकोत, बरी होणार का तेवढं सांगा. तेही चालतं.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे तुम्ही रात्री झोपता कुठे. करमाळ्याच्या एका दादांना मुंबईत सहा आठवडे रेडिएशन सांगितलं होतं, आठवड्यातले पाच दिवस. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेना, म्हणून ते उपचारच सोडून जायला निघाले होते. मी म्हटलं, हे आत जाऊन बोला. बोलले. डॉक्टरांनी विचारलं, "मग बार्शीला का घेत नाही?" बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये रेडिएशनची सोय आहे. डॉक्टरांनी लगेच पत्र लिहून दिलं. दादा घरून ये-जा करू लागले.

ओपीडीत गर्दी असते, तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. म्हणून एक साधी वही करा. दोन भेटींच्या मधे जे होईल ते तारखेसकट लिहा: किती वेळा उलटी झाली, कधी ताप आला, कुठे दुखलं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पहिल्या ओळीवर. माणसं तो नेमका उठून दाराशी गेल्यावर विचारतात. हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी, हे विचारायला कचरू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तसं सरळ सांगा. कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यावीत, असा नियम 2002 पासून आहे.

तापाचं तेवढं वेगळं. किमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला, तर वहीत लिहून पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. तापाची गोळी घेऊन झोपायचंही नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा, दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना संसर्ग काही तासांत अंगात पसरतो. नंबर कोणता लावायचा, ते पहिल्या किमोच्या दिवशीच विचारून घ्या.

एका काकूंची वही मला अजून आठवते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठीही काढलेल्या. वहीत पहिल्याच ओळीवर प्रश्न होता: "पापड लाटायला कधी बसू?" बचत गटाची ऑर्डर होती त्यांची. डॉक्टर आधी हसले. मग पेन खाली ठेवून विचारलं, "कुठल्या हाताने लाटता? एका बैठकीत किती?" काकूंनी टेबलावर हातानेच लाटून दाखवलं. ते नीट बघून डॉक्टर म्हणाले, "पहिल्या आठवड्यात दहाच. हात सुजला तर थांबायचं आणि मला दाखवायला यायचं." काकूंनी वहीत लिहिलं, दहा. आणि मान वर न करताच विचारलं, "उडदाचे की तांदळाचे? उडदाला जोर जास्त लागतो."